अर्धी लुडबुड

कुवातानी,
९ सप्टेंबर २०१७

चि. चिगुसास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. आमच्याकडे परवापासून झाडांवरचे किडे ओरडायचे थांबलेत, त्यामुळे पत्र वाचताना माझाच आवाज मला मोठा वाटला. हो, मी पत्रं मोठ्यानं वाचते. घरात ऐकायला कुणी नाही, मग लाजायचं कुणाला?

तू विचारलंस की बाबा फोन उचलत नाहीत, ते बरे आहेत ना? बरे आहेत. फोन दिसत नाही, ऐकू येत नाही, असं काही नाही. त्यांना बोलायचं नसतं, एवढंच. साठ वर्षं करवतींना धार लावली त्या माणसानं. बोलणंही तसंच झालंय, कमी आणि जिथं लागेल तिथं कापणारं.

इथल्या एका नव्या गोष्टीबद्दल तुला कळवायला हवं. वस्तीत आता अकराच घरं उरलीत आणि त्यातल्या सात घरांत एकेकटं म्हातारं माणूस आहे, मी धरून. म्हणून मंडळानं जूनपासून नियम काढलाय. प्रत्येक एकट्या माणसाला एक पिवळं निशाण दिलंय. सकाळी आठच्या आत ते दाराशेजारच्या खांबावर लावायचं आणि संध्याकाळी पाचला काढून ठेवायचं. निशाण दिसलं म्हणजे माणूस उठलाय, हिंडतोफिरतोय. नऊपर्यंत दिसलं नाही, तर त्या आठवड्यात ज्याची पाळी असेल त्यानं जाऊन दार ठोठावायचं.

तुझे बाबा ऑगस्टमध्ये दोनदा चुकले. दोन्ही वेळा आमचे मंडळप्रमुख शिगेमात्सुसान धापा टाकत चढ चढून गेले, तर हे ओट्यावर बसून चहा पितायत! "मेलो की नाही ते बघायला आलात? बसा, थोडा वेळ लागेल," असं म्हणाले. शिगेमात्सुसानच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आता त्यांनी जाहीर केलंय की तिसऱ्यांदा चुकलं तर नगर कार्यालयाला कळवणार. कार्यालयाची माणसं आली की पुढे काय होतं ते आम्ही फुजिएबाईच्या वेळी पाहिलंय. महिन्याभरात वृद्धाश्रम आणि दोन महिन्यांत घराला कुलूप. तुझे बाबा तिथं एक हिवाळा काढणार नाहीत, हे तुला मी सांगायला नको.

आणि आमचं भांडण झालंय, तेही माझ्याकडूनच ऐक. गेल्या आठवड्यात पाऊस आला तेव्हा शेजारी वरच्या अंगाला तुझ्या बाबांचे कपडे दोरीवर भिजत होते. मी धावत जाऊन काढले, आत नेऊन घड्या केल्या, आणि गेलेच आहे तर म्हणून कपाटही आवरलं. कपाटात बनियनच्या खाली तुझ्या आईचे मोजे होते. ते मी धुवायला काढले. तेवढ्यात हे आले. सगळे कपडे उचलले आणि परत बाहेर पावसात दोरीवर टाकले, घडी मोडून, एकेक चिमटा लावून. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ओसेक्काई!" नसती उठाठेव करणारी बाई, असं तोंडावर! वर म्हणाले, "यापुढे माझ्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही."

तुझी आई गेली त्याला सहा वर्षं झाली. जाताना माझा हात धरून म्हणाली होती, यांच्याकडे लक्ष असू दे. ते लक्ष कुठून ठेवायचं, उंबऱ्याच्या आतून की बाहेरून, हे मात्र ती सांगून गेली नाही.

तुझी,
हिसानो

◆

नागोया,
२४ सप्टेंबर २०१७

प्रिय हिसानोकाकूंना,
सादर नमस्कार.

तुमचं पत्र मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात जेवणाच्या सुट्टीत वाचलं. पावसात कपडे टाकल्याचं वाचून हसू आलं, आणि आईच्या मोज्यांपाशी आल्यावर पत्र घडी करून खिशात ठेवलं. बाकीचं घरी येऊन वाचलं.

बाबांच्या वतीनं मी तुमची क्षमा मागते. ते स्वतः मागणार नाहीत. लहानपणी माझी पट्टी त्यांच्या पायाखाली मोडली तेव्हा त्यांनी नवीन पट्टी करून दिली होती, लाकूड तासून, खुणा कोरून. पण "चुकलं" म्हणाले नव्हते.

काकू, मला एकच गोष्ट तुमच्याकडून हवी आहे. इथं सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. नवरा म्हणतो, तू गेलीस तर आईला कोण बघणार? स्वयंपाकघरात एप्रिलपर्यंत बिनपगारी रजा मागितली, तर देतील, पण परत घेतील याची खात्री नाही. तरीही बाबांचं खरंच कठीण झालं असेल, तर मी नोव्हेंबरपासून बर्फ वितळेपर्यंत तिथं येऊन राहीन. घरात जे व्हायचं ते होईल. पण त्यांना विचारून उपयोग नाही. विचारलं की "ठीक" म्हणतात आणि फोन ठेवतात.

म्हणून तुम्हीच सांगा. निशाण ते रोज लावतायत का? त्यांना आठवण राहते का, हातपाय चालतात का? दुसऱ्या कुणावर माझा विश्वास नाही. तुम्ही जे लिहाल त्यावर मी ठरवीन.

त्यांना राग येईल असं काही करू नका, एवढी विनंती. आणि तुम्हीही प्रकृतीला जपा.

तुमची,
चिगुसा

◆

कुवातानी,
२१ ऑक्टोबर २०१७

चि. चिगुसास,
अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. काकीच्या झाडाची फळं उतरवून, सोलून, सुकायला दोरीला टांगायचं काम अंगावर होतं. यंदा एकशेचाळीस फळं टांगली. बोटं अजून काळी आहेत, पत्रावर डाग दिसला तर तो त्याचा.

तू विचारलंस ते सांगते. निशाण रोज लागतं. आठ कुठले, सातलाच! वस्तीत सगळ्यांच्या आधी तुझ्या बाबांचं निशाण दिसतं. गेल्या रविवारी मंडळाच्या बैठकीत शिगेमात्सुसान सगळ्यांसमोर म्हणाले, "तोकुजीसान, तुम्ही तर एकदम सुधारलात की! बाकीच्यांनी शिकावं तुमच्याकडून." तुझे बाबा म्हणाले, "हं." आणि मुळ्याच्या लोणच्याची आणखी एक फोड घेतली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या कपड्यांच्या प्रकरणापासून आमचं बोलणं बंदच आहे. पण परवा आमच्या दोघांच्या मधल्या बांधावर एक टोपली ठेवलेली दिसली, त्यात माझा सगळा विळा-सुरी-कात्री असा संच होता, धार लावून. कधी उचलून नेला होता ते मला कळलंही नव्हतं. मग सांग, लुडबुड कोण करतं?

तेव्हा तू येऊ नकोस. नोकरी घालवू नकोस. सासूबाईंना टाकून आलीस, तर वर्षानुवर्षं बोलणी खावी लागतील, आणि इथं येऊन तू करणार काय? त्यांच्यासमोर बसून दोघं मिळून गप्प राहणार. हातपाय चालतायत. मी आहे ना इथं. आत जात नसले तरी दिवसातून दोनदा त्या वाटेनं माझं जाणं-येणं असतं.

फळं सुकली की पाठवते. त्यांचीही वेगळी पाठवीन, ते देतील तर.

तुझी,
हिसानो

◆

नागोया,
१५ नोव्हेंबर २०१७

प्रिय हिसानोकाकूंना,
सादर नमस्कार.

तुमच्या पत्रानं माझा जीव भांड्यात पडला. सगळं ठरवून टाकलं. येत नाही. रजेचा अर्ज परत घेतला. नवऱ्याला तुमचं पत्र वाचून दाखवलं, तर तो म्हणाला, "बघ, म्हातारा आपल्यापेक्षा लवकर उठतो."

नवीन वर्षालाही जमेलसं दिसत नाही. स्वयंपाकघरात त्या दिवसांत माणसं कमी असतात आणि माझी पाळी लागली आहे. एप्रिलमध्ये चार दिवस येईन.

सोबत हात गरम ठेवायच्या पुड्या आणि थोडी मिठाई पाठवली आहे. पुड्या तुम्हीही वापरा, सगळ्या बाबांना देऊ नका. ते त्या फडताळात ठेवतात आणि तशाच राहतात.

तुम्ही आहात म्हणून मी इथं आहे. हे लिहायचं राहून जातं.

तुमची,
चिगुसा

◆

कुवातानी,
१२ जानेवारी २०१८

चि. चिगुसास,

नवीन वर्षाचं तुझं कार्ड मिळालं. कुत्र्याचं चित्र छान आहे.

बर्फ गुडघ्यापर्यंत आलंय. आमच्याकडची वाट मीच खोऱ्यानं साफ करते, तुझ्या बाबांच्या दारापर्यंत. ते बाहेर फारसे येत नाहीत, पण रेडिओ चालू असतो, तो ऐकू येतो. निशाण रोज लागतंय. काळजी करू नकोस. एप्रिलमध्ये ये. तोवर डोंगरातल्या भाज्याही येतील.

हिसानो

◆

नागोया,
३ मार्च २०१८

प्रिय हिसानोकाकूंना,
सादर नमस्कार.

अंत्यसंस्कारात तुमचे आभार मानायचे राहिले. त्या तीन दिवसांत मी कुणाशी काय बोलले ते मला आठवत नाही. तुम्ही बाबांना मोजे घातलेत, एवढं आठवतं. थंडी आहे, असं काहीतरी म्हणत होतात.

शिगेमात्सुसाननी मला सगळं नीट सांगितलं. गुरुवारी, ८ फेब्रुवारीला, दुपारी चार वाजता ते घरोघर फिरणारी सूचनांची पाटी घेऊन बाबांकडे गेले. निशाण खांबावर होतं, म्हणून आत असणारच, असं समजून हाका मारल्या, आणि मग दार सरकवलं. बाबा कामाच्या खोलीतून वर चढायच्या पायरीशी पडले होते. डॉक्टर म्हणाले, घर इतकं थंड होतं की नक्की वेळ सांगता येत नाही. पण सकाळी निशाण लावलेलं होतं, त्याअर्थी सकाळनंतरच पडले असणार आणि फार तर तासाभरात गेले असणार. मृत्यूच्या दाखल्यावर गुरुवारच लिहिला.

काकू, मला त्या निशाणाचा केवढा आधार आहे ते तुम्हाला कसं सांगू? बुधवारी मी फोन केला होता, त्यांनी उचलला नाही. नेहमीचंच. तेव्हापासून तो फोन माझ्या डोक्यातून जात नव्हता. पण गुरुवारी सकाळी ते उठले, थंडीत बाहेर आले, निशाण लावलं. म्हणजे बुधवारी फक्त बोलायचं नव्हतं त्यांना. नवरा म्हणतो, आपल्याला झोप लागते ती त्या निशाणामुळे.

देवघरात ठेवायची बाबांच्या नावाची पाटी करायला दिली आहे. काळ्या लाखेवर सोनेरी अक्षरांत नाव आणि तारीख. गेल्यापासूनचा एकोणपन्नासावा दिवस, शेवटच्या विधीचा, २८ मार्चला येतो, बुधवारी. लोक सोयीसाठी आधीचा रविवार धरतात, पण मी नेमक्या दिवशीच करणार. सहा वर्षं त्यांच्यासाठी मी सगळं सोयीनं केलं. त्या दिवशी अस्थी आईशेजारी ठेवू. ते निशाणही मला हवं आहे. त्यांच्या हातचं शेवटचं काम म्हणून इथं देवघरात ठेवीन.

एकच उपकार करा. तुम्ही रोज त्या वाटेनं जाता. गुरुवारी सकाळी जाताना निशाण तुम्हाला दिसलं होतं ना? तेवढं एका ओळीत लिहून पाठवा. नवऱ्याला आणि सासूबाईंना वाचून दाखवायचं आहे.

तुमची,
चिगुसा

◆

कुवातानी,
११ मार्च २०१८

चिगुसा,

तू एक ओळ मागितलीस. मी पाच-सहा दिवस ती लिहायला बसले. "हो, दिसलं होतं." हे खरंही आहे. दिसणारच, मीच लावलं होतं.

सप्टेंबरच्या मध्यापासून तुझ्या बाबांचं निशाण मीच लावत होते. तिसऱ्यांदा चुकले असते, तर कार्यालयाला कळलं असतं. म्हणून एका सकाळी जाता जाता लावलं, आणि संध्याकाळी जाता जाता काढलं. मग रोजचंच झालं. खांबाला टांगलेल्या पिशवीत हात घालायचा, निशाण खोचायचं आणि मागं न बघता परतायचं. आत पाय ठेवायचा नाही म्हणाले होते, तो मी कधी ठेवला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा! वाटायचं, बघा म्हणावं, मला ओसेक्काई म्हणता ना, बघा मी किती गुपचूप, किती आवरून वागते.

तुला ऑक्टोबरमध्ये लिहिलं ते खोटं होतं. तू येऊ नयेस म्हणून लिहिलं. तुझी नोकरी जाईल, तुझं घर मोडेल, हे सगळं मनात होतं. पण आणखीही एक होतं, तेही लिहिते. तू आली असतीस, तर मला त्या वाटेनं जायचं कारण उरलं नसतं. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, माझ्या दिवसाला तेवढेच दोन खिळे आहेत.

आता ऐक. मंगळवारी, सहा तारखेला, मी निशाण लावलं. आत रेडिओ चालू होता. संध्याकाळी काढलं. बुधवारी सकाळी गेले, तर दारासमोरच्या बर्फावर माझ्याच पावलांच्या खुणा, आदल्या संध्याकाळच्या. बाहेर पडलेल्या माणसाची एकही नाही. ओट्यावरची लाकडं जशीच्या तशी. रेडिओ मात्र चालू. मी दाराशी उभी राहिले. ठोठावायला हात वर केला, चिगुसा. खरंच केला होता. मग वाटलं, दार उघडतील आणि त्याच नजरेनं बघतील, आणि हिवाळाभर सांभाळलेलं सगळं फुकट जाईल. हात खाली घेतला. निशाण लावलं आणि घरी आले. गुरुवारीही तसंच केलं.

गुरुवारी सगळी धावपळ चालली होती तेव्हा मी त्यांच्या पत्रपेटीत हात घातला. बुधवारचं आणि गुरुवारचं वर्तमानपत्र तिथंच होतं. मंगळवारचं आत होतं, उघडलेलं, चष्मा त्यावर ठेवलेला. मी पेटीतली दोन्ही काढून कोटाच्या आत लपवली आणि घरी नेली. ती माझ्याकडे आहेत.

मी निशाण लावलं नसतं, तर बुधवारी नऊ वाजता कुणीतरी जाऊन दार उघडलंच असतं. मी डोकावले असते, तरी उघडलं असतं. जन्मभर मी सगळ्यांच्या घरात नाक खुपसलं, आणि ज्या दिवशी खुपसायला हवं होतं त्या दिवशी शहाण्यासारखी वागले.

हे तुला न सांगता मरायचं, असंही ठरवून झालं होतं. पण तू एकोणपन्नासावा दिवस नेमका धरणार म्हणतेस आणि मोजतेस ती गुरुवारपासून. तो दिवस चुकीचा आहे. माणसाचे एकोणपन्नास दिवस भरतात सव्वीसला नाहीतर सत्तावीसला, आणि आपण अठ्ठावीसला हात जोडून उभे राहणार. हे मला सहन होईना.

तू काहीही म्हण. शिगेमात्सुसानना सांग, पोलिसांना सांग. मी घरीच आहे.

हिसानो

◆

नागोया,
१८ मार्च २०१८

हिसानोकाकू,

पत्र मिळालं. आधी मला जे लिहायचं आहे ते लिहिते, नंतर धीर होणार नाही.

मला माहीत होतं.

नोव्हेंबरच्या सात तारखेला बाबांचा फोन आला होता. त्यांनी आपणहून केलेला. मी स्वयंपाकघरात होते, हात ओले होते, घाबरून उचलला.

"मी बोलतोय," म्हणाले.

"काय झालं?"

"काही नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. निशाण लावता येत नाही."

"मग? रोज लागतं म्हणतात ते?"

"ती खालची हिसानो लावते. तिला वाटतं मला कळत नाही. मांजरासारखी पावलं टाकत येते, आणि दाराशी आल्यावर खोकते."

"तुम्ही तिला काही बोलला नाहीत?"

"बोललो तर यायची थांबेल."

मला वाटलं फोन ठेवला. तेवढ्यात म्हणाले, "नवीन वर्षाला तुझं काही ठरलंय का?"

मी म्हटलं, "बघते."

"बघ," म्हणाले, आणि ठेवला.

पन्नास वर्षांत त्या माणसानं मला "ये" म्हटलं नव्हतं. ते "ये" होतं, काकू. मला तेव्हाच कळलं होतं, भांडी धुताना उभ्या उभ्या कळलं होतं. आठ दिवसांनी मी तुम्हाला लिहिलं की जीव भांड्यात पडला, येत नाही. तुमचं पत्र हातात होतं ना! हातपाय चालतायत, असं तुम्ही लिहिलं होतं. नवऱ्याला तेच वाचून दाखवलं. फोनचं त्याला अजून माहीत नाही.

मी स्वतःची समजूत अशी घातली होती, की निशाण बाबांनी लावण्यापेक्षा तुम्ही लावताय हे बरंच झालं. म्हणजे रोज दोनदा एक जिवंत माणूस दाराशी जातं, आत डोकावतं. तुम्ही डोकावणार नाही हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. तुम्ही! माझ्या लग्नात माझ्या सासूला बाजूला घेऊन माझा घसा कधी बसतो आणि त्यावर काय द्यायचं हे सांगणारी बाई बंद दारासमोरून परत फिरेल, हे मला कसं सुचावं? मी एवढ्याच भरवशावर बसले होते. तुमच्या स्वभावाच्या.

आणि ते गुरुवारच्या आधीच पडले होते, हेही मला कळलेलं होतं. तुम्ही मोजे घालत होतात तेव्हा मी बाह्या नीट करत होते. दोन्ही कोपरं सोललेली होती. नखांत कामाच्या खोलीतल्या जमिनीची माती होती. कामाच्या खोलीतून त्या पायरीपर्यंत किती अंतर आहे ते मी पावलांनी मोजलं, कुणी नसताना. अकरा पावलं. तासाभरात गेलेल्या माणसाची कोपरं अशी होत नाहीत. बुधवारी दुपारी मी फोन केला, तो त्यांनी ऐकला असणार. फोन त्या पायरीच्या वरच होता.

मग मी तुम्हाला ते पत्र का लिहिलं? कारण माझ्याजवळ काहीच उरलं नव्हतं. शिगेमात्सुसान गुरुवार म्हणाले, डॉक्टर गुरुवार म्हणाले, दाखल्यावर गुरुवार आला. फक्त तुम्ही एकट्या उरला होतात. तुम्ही "हो" म्हणाला असतात, तर मी ते एक ना एक दिवस खरं मानलं असतं. ऑक्टोबरमध्ये मला हवं होतं तसं खोटं तुम्ही न मागता लिहिलंत. मार्चमध्ये मी मागितलं. एक ओळ, काकू. आणि नेमकं तेव्हा तुम्हाला खरं बोलायचं सुचलं.

दिवस अठ्ठावीसच राहील. पाटीवर तारीख कोरून झाली आहे, सोनंही भरलं आहे. निशाण मी नेणार आहे. नाही नेलं तर नवरा का म्हणून विचारील. ती वर्तमानपत्रं तुम्ही काय करायची ती करा, मला दाखवू नका. वस्तीत कुणालाही काही सांगू नका. गुरुवार आहे तो गुरुवारच असू द्या.

मला तुमचा राग आलाय का, ते मी स्वतःला विचारून बघितलं. राग करायला दोघींपैकी एक तरी बरी असावी लागते.

चिगुसा

◆

कुवातानी,
२३ मार्च २०१८

चिगुसा,

तू म्हटलंस तसंच होईल. कुणाला सांगितलेलं नाही, सांगणार नाही. अठ्ठावीसला घर झाडून ठेवते. शिगेमात्सुसाननी किल्ली माझ्याकडे दिली आहे. पहिल्यांदा एकटी आत गेले तेव्हा उंबऱ्याशी चप्पल काढून उभीच राहिले थोडा वेळ. रेडिओ बंद केला होता कुणीतरी.

तुला कळवावं की नाही असं मनात होतं, पण इथं आलीस की कुणीतरी बोलेलच, तर माझ्याकडूनच कळलेलं बरं. बुधवारी मंडळाची बैठक झाली. शिगेमात्सुसान म्हणाले, "निशाणाची योजना नसती, तर तोकुजीसान कोणत्या दिवशी गेले हेही कळलं नसतं. योजनेमुळे दिवस कळला, वेळ कळली, आणि मुलीला समाधान मिळालं." सगळ्यांनी माना डोलावल्या. नदीच्या खालच्या अंगाच्या दोन वस्त्यांना हे आवडलंय. त्याही एप्रिलपासून निशाणं लावणार आहेत. एकतीस तारखेला तिथल्या सभागृहात म्हाताऱ्या माणसांना सगळं समजावून सांगायचंय, आणि त्यासाठी इथून माणूस मागितलंय.

"हिसानोसानशिवाय कोण जाणार?" शिगेमात्सुसान म्हणाले. "तुमच्यासारखी एकेक ओसेक्काई बाई प्रत्येक वस्तीत हवी!" सगळे हसले. कौतुकानं म्हणाले ते. एका बाईनं टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मी तोंड उघडलं होतं. मग तुझं पत्र आठवलं आणि मिटलं. नाही म्हणायला कारण काय देणार? म्हणून हो म्हटलं.

बोलायचं काय ते शिगेमात्सुसान कागदावर लिहून देणार आहेत. निशाण कधी लावायचं, कधी काढायचं, विसरू नये म्हणून कुठं ठेवायचं, हे सगळं मला पाठच आहे. पण तिथं ऐंशीच्या पुढची माणसं येतील. त्यातलं कुणीतरी विचारणारच, की बाई, ज्याचा हात वर जात नाही त्यानं काय करायचं. तेव्हा मी काय सांगायचं, तेवढं मला कळव.

हिसानो